बार कुणी काढला

कापणीच्या दिवसांत सावरकोंडच्या रानात बार झाला तर कुणी मान वर करून बघत नसे. डुकरं भातात घुसायची, माणसं बंदुका घेऊन रानात शिरायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत मटणाचे वाटे पडायचे. त्यामुळे दिवाळीनंतरच्या त्या तिन्हीसांजेला वरच्या काजूच्या बागेकडून आवाज आला, तेव्हा खळ्यात भात झोडत असलेली राजश्री सासूला एवढंच म्हणाली, "उद्या वाटा येणार वाटतं."

"येऊ दे," येसूबाई म्हणाली. "मेल्यांनी आपल्या भाताचा अर्धा कुणगा लोळवलानी."

दोघी पुन्हा कामाला लागल्या. थोड्या वेळाने वरच्या घरातली कुत्री भुंकायला लागली. मग पाखाडीच्या पायऱ्यांवरून कुणीतरी धावत उतरल्याचा आवाज आला. हर्षद होता तो, राजश्रीचा चुलत दीर. त्याच्या खांद्यावर शमिका होती. तिचे हात त्याच्या पाठीवर लोंबत होते आणि एका पायातली चप्पल नव्हती.

"वहिनी," तो म्हणाला आणि त्याने खळ्यात गुडघे टेकले.

शमिका राजश्रीची एकुलती एक मुलगी. देवरूखला बारावीत शिकत होती. कॉलेज सुटलं की एसटीने फाट्यावर उतरायची आणि पाखाडीने काजूच्या बागेतून खाली यायची. रोजची वाट. पहिलीपासून ती त्याच वाटेने शाळेत गेली होती.

राजश्रीने तिला खळ्यातल्या पेंढ्यावर निजवलं. उजव्या मांडीपासून कमरेपर्यंत कपडा रक्ताने भिजला होता. शमिका शुद्धीवर होती. "आई, मला आग होतेय," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. येसूबाईने डोक्यावरचा पदर फाडून नातीच्या पायाला आवळून बांधला.

वाडीतल्याच निलेशने गाडी आणली. तोही रानात गेला होता, हे त्याच्या चिखलाने भरलेल्या पायांवरून कळत होतं. गाडीत पुढे भिकाजीतात्या येऊन बसले. तात्या हर्षदचे वडील, वाडीचे गावकर आणि देवीच्या पालखीचे मानकरी. त्यांनी सांगितलं आणि कुणी ऐकलं नाही, असं वाडीत झालेलं नव्हतं. गाडी घाटी चढत असताना ते मागे न वळता म्हणाले, "दवाखान्यात सगल्यांनी एकच सांगायचा. बागेत जुनी काटेरी तार हाय, तिच्यावर पडली. काय?"

हर्षद शमिकाचं डोकं मांडीवर घेऊन रडत होता. वाडीत कुणाचा पंप बिघडला, कुणाच्या कौलांवर फांदी पडली, की पहिला धावणारा माणूस तो. कोरोनात राजश्रीचा नवरा दीपक मुंबईत अडकला होता तेव्हा तिची लावणी हर्षदनेच उरकून दिली होती. राजश्री त्याच्याकडे बघत नव्हती. तिचा हात शमिकाच्या छातीवर होता आणि छाती वरखाली होते की नाही, एवढंच ती बघत होती.

देवरूखच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी पदर सोडला, जखमा बघितल्या आणि विचारलं, "काय लागलंय?"

"तार लागली वो," तात्या म्हणाले. "काटेरी तार. काळोखात दिसली नाय पोरीला."

डॉक्टरांनी एकदा तात्यांकडे बघितलं आणि मग राजश्रीकडे वळल्या. "तुम्ही आई ना? तुम्ही सांगा."

दारात हर्षद उभा होता. त्याच्या सदऱ्यावर शमिकाचं रक्त वाळत आलं होतं. राजश्रीने त्याच्याकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं. आपल्या तोंडून आता जे निघेल ते परत घेता येणार नाही, हे तिला चांगलं कळत होतं.

"छर्रे लागलेत," ती म्हणाली. "शिकारीच्या बंदुकीचे. गावठी बंदूक."

"सूनबाई!"

"तात्या, तार समजून औषध दिलं नि पोरगी गेली, तर तुम्ही आणून देणार काय मला दुसरी?"

तात्या बाहेर गेले. रत्नागिरीला हलवायची गाडी आली तेव्हा ते आवारात नव्हते.

सिव्हिलमध्ये शमिकाचं ऑपरेशन झालं. बरेचसे छर्रे निघाले. एक कमरेच्या हाडाला चिकटून बसला होता, तो डॉक्टरांनी तसाच ठेवला. काढायला गेलं तर पाय अधू व्हायची भीती होती. ती बोलण्याइतकी सावरली तेव्हा पोलीस जबाब घ्यायला आले. हवालदार वयस्क होते, खुर्ची ओढून मायेने बसले.

"काळोख होता ना गो? तू दिसली नसशील त्यांना."

"पूर्ण काळोख नव्हता. माझ्या हातात मोबाईलची बॅटरी लावलेली होती," शमिका म्हणाली. "आणि मी बोलत येत होते."

"फोनवर?"

"नाही. इतिहासाचा धडा म्हणत होते. परीक्षा होती. एकटी असले की मी मोठ्याने म्हणते."

हवालदार लिहिता लिहिता थांबले. शमिकाने उशीवरची मान थोडी उचलली. "डुकराला बॅटरी नसते, काका. आणि डुक्कर इतिहास म्हणत नाही. ज्याने बार काढला त्याने बघितलंच नाही. झाडी हलली म्हणून काढला."

बार कुणी काढला, हा प्रश्न मात्र तिथेच अडला. रानात तिघे होते. हर्षद, निलेश आणि खालच्या वाडीतला धाकू. तिघांनीही सांगितलं की बार दुसरीकडून आला, आम्ही फक्त पोरीची किंकाळी ऐकून धावलो. पोलिसांनी घरं बघितली, गोठे बघितले. बंदूक मिळाली नाही. संशयावरून तिघांना धरलं, काही दिवसांनी जामिनावर सोडलं.

गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिल्या दिवशी फुलं आली, हात जोडलेले आले, 'लवकर बरी हो शमिका' आलं. दुसऱ्या दिवशी मुंबई मंडळातल्या कुणीतरी लिहिलं की झालं ते वाईट झालं, पण केस करून गावाची बदनामी करायला नको होती. मग एकेकाला कंठ फुटला. मुलीच्या जातीने तिन्हीसांजेला रानातून यावंच कशाला? बंदुका काढून घेतल्या तर डुकरं घरात येऊन पाटावर बसतील, तेव्हा राजश्रीवहिनी वाढणार आहेत का त्यांना? यावर हसणारे चेहरे आले. देवरूखचा एक जण मोबाईलवर पाखाडीची चित्रफीत काढून गेला आणि तिला मागे भीतीदायक संगीत लावून त्याने ती पसरवली. चार दिवस लोकांनी ती एकमेकांना पाठवली. शमिकाने इस्पितळातल्या खाटेवर पडून सगळं वाचलं. आईने फोन काढून घेतला तर म्हणाली, "असू दे गं. कोण काय म्हणतं ते माहीत असलेलं बरं."

दीपक नालासोपाऱ्याहून आला तो घाबरलेलाच आला. तो एका गोदामात कामाला होता. शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लेकीच्या पायावरून हात फिरवून झाल्यावर त्याने राजश्रीला व्हरांड्यात नेलं.

"आपण सगळी मुंबईला जाऊया," तो म्हणाला. "खोली लहान आहे, पण भागेल. आईलाही नेऊ. शमिकाची बारावी तिकडून देता येईल."

"आणि घर? शेती?"

"घराला कुलूप. राजश्री, आज पोरीला चुकून लागलं. उद्या कुणी मुद्दाम काढला बार नि म्हणाला चुकून लागला, तर? तुझ्या जबाबाने तीन घरं आपल्यावर उलटलीत. गावात राहायचं तर गावाशी वैर करून चालत नाय."

दीपक भित्रा नव्हता, हे राजश्रीला माहीत होतं. तो म्हणत होता ते तिनेही मनात म्हणून बघितलं होतं. त्या आठवड्यात ती एकदाच कपडे आणायला घरी गेली होती. परसात वाळकी फांदी मोडली तशी ती भिंतीला चिकटून उभी राहिली होती. शेजारची म्हैस निघाली. नंतर तिला स्वतःचाच असा राग आला की तिने म्हशीला दगड मारला.

"गाव गाव काय करतोस?" ती म्हणाली. "मी कोण? लग्न होऊन आले त्याला वीस वर्षं होत आली. तू मुंबईत, कोंडातली सगळी तरणी माणसं मुंबईत. शेती आम्ही केली, म्हातारी माणसं आम्ही सांभाळली, पालखीला रांगोळ्या आम्ही काढल्या. मग गाव म्हणजे मी नाय तर कोण? ज्याने बार काढला तो राहणार नि जिला लागला ती घराला कुलूप घालणार? मी नाय जायची."

"आणि शमिकाला काही झालं तर?"

राजश्रीने व्हरांड्याचा गज घट्ट धरला. मग म्हणाली, "तिलाच विचार."

दीपकने विचारलं. शमिका म्हणाली, "पप्पा, मला घरी जायचंय." दीपकने रजा वाढवली आणि तिघं मिळून सावरकोंडला परत आली.

घरी आल्यावर कोण आलं आणि कोण आलं नाही, ते येसूबाई रोज मोजत बसे. सुरुवातीला काही बाया आल्या, शहाळी ठेवून गेल्या. मग कमी झाल्या. नाचणी मळायला बोलावलं तर कुणाला बरं नव्हतं, कुणाच्या घरी पाहुणे होते. येसूबाईला ते फार लागलं. "मिटव गो बाय," ती सुनेला म्हणायची. "पोरगी जगली. आनी काय पायजे? हर्षद काय दुश्मान हाय?"

"दुश्मन नाय, आई. म्हणून तर त्याने सांगायला हवं."

हर्षदची बायको योगिनी एका दुपारी पऱ्यावर, ओढ्याच्या काठी, भेटली. राजश्री गोधड्या धूत होती. योगिनीने आपली बादली लांब ठेवली, थोडा वेळ उगाच पाण्याशी खेळली आणि मग जवळ येऊन बसली. ती राजश्रीपेक्षा बरीच लहान. लग्न होऊन आली तेव्हा भाकरी थापायला राजश्रीनेच शिकवलं होतं तिला.

"वहिनी, ते जेवत नाहीत हो," ती म्हणाली. "झोपत नाहीत. पोलीस ठाण्यात हजेरीला जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून अंगणात फेऱ्या घालतात. तुम्ही एकदा सांगा ना पोलिसांना, की तक्रार नाही म्हणून. ते जन्मभर शमिकाचं करतील."

"बार कुणी काढला, योगिनी?"

योगिनीने पाण्यातला एक दगड उचलून बाजूला टाकला.

"बरं, नको सांगू. बंदूक कुठाय?"

"मला काय माहीत?"

"पोलिसांना मिळाली नाय म्हणजे ती आकाशात गेली नाय. कुठल्यातरी घरात आहे. ज्या घरात आहे त्या घरात पोरंबाळं असतील." राजश्रीने गोधडी पिळली. "तुझी मनस्वी केवढी आता? चार वर्षांची ना?"

"माझ्या पोरीला मध्ये आणू नका, वहिनी!" योगिनी ताडकन उठली.

"माझी होतीच की मध्ये," राजश्री म्हणाली.

योगिनी रिकामी बादली घेऊन निघून गेली. तिला बोलावून जवळ घ्यावं असं राजश्रीला वाटलं, पण ती जागची हलली नाही.

पौष संपता संपता देवळाच्या सभामंडपात शिमग्याच्या तयारीची बैठक बसली. पालखीला देवीच्या मुखवट्यांची नवीन रूपं लावायची, कुठल्या दिवशी कुठली वाडी घ्यायची, हे सगळं त्या बैठकीत ठरायचं. बाया एरवी देवळाच्या पायऱ्यांवर बसायच्या आणि ऐकून घरी जायच्या. राजश्री बैठकीसाठी मुंबईहून आलेल्या दीपकच्या शेजारी मंडपात जाऊन बसली. येसूबाई खांबाला टेकून होती. शमिका काठी घेऊन, पायरी पायरी करत मागून आली.

तात्यांनी घसा साफ केला. "एक गोष्ट बोलायची हाय. लिवून ठेवायची नाय, पन समजून घ्यायची. देवीची पालखी सगल्यांच्या घरी जाते, कारन सगला गाव एक हाय. ज्या घराने गावातल्या पोरांना पोलिसांत नेलानी, त्या घरी पालखी कशी जायची? तक्रार मागे घ्या, देवी येईल. नायतर तुमचा अंगन सोडून पुढे जाईल."

येसूबाईच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. तिच्या आयुष्यातला एकही शिमगा पालखीवाचून गेला नव्हता. नवरा वारला त्या सालीही पालखी दारात आली होती आणि खुद्द तात्यांनी तिला हाताला धरून उठवलं होतं. दीपकने राजश्रीचा हात दाबला. आता बोलू नकोस, असा त्याचा अर्थ होता.

राजश्री उठली.

"तात्या, असं कुणाला वाळीत टाकणं कायद्यात बसत नाय, म्हणून तुम्ही लिहून ठेवायचं नाय म्हणता. ते मला कळतं. मी त्याची तक्रार देऊ शकते, नि वेळ आली तर देईन. पण आधी मला इथे विचारायचंय, देवीच्या समोर. पालखी तुमच्या खांद्यावर असते, पण देवी तुमच्या मालकीची कधी झाली?"

"तोंड सांभाळ!" मागून कुणीतरी ओरडलं.

"सांभाळूनच आहे. ग्रुपवर तुम्ही सगळे बोललात, मी काय बोलले? आता ऐका. डुकरं माझंही भात खातात. बंदूक वाईट, डुक्कर चांगला, असं मी म्हणत नाय. ज्याच्याकडे परवाना आहे त्याने रीतसर परवानगी काढावी, वाडीला सांगावं, वाटेवर माणूस उभा करावा. पण कुणाला न सांगता, चोरून ठेवलेल्या बंदुका घेऊन तुम्ही आमच्या वाटेवर बसणार, झाडी हलली की बार काढणार, नि आम्ही पोरींना घरात कोंडायचं? माझी पोर त्याच वाटेने कॉलेजला जाणार. उद्याही जाणार. ज्याला भीती वाटत असेल त्याने बंदूक घरी ठेवावी. नाय, घरीही नको. सरकारात जमा करावी."

"नि डुकरं काय तुज्या भाषनाने पलतील?" धाकू म्हणाला. काही जण हसले.

तेवढ्यात पायऱ्यांवरच्या बाया बाजूला झाल्या. योगिनी आत येत होती. एका काखेत मनस्वी होती आणि दुसऱ्या काखेत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांब. तिने मनस्वीला शमिकाजवळ सोडलं, मंडपाच्या मधोमध आली आणि गोधडी हळूच खाली ठेवून तिचं तोंड भिंतीकडे वळवलं. गुंडाळी सुटली तशी आतून बंदुकीची नळी दिसली.

पुढे बसलेली माणसं मागे सरकली.

"गोठ्याच्या माळ्यावर होती," योगिनी म्हणाली. तिचा आवाज पायऱ्यांपर्यंत ऐकू येत होता. "पेंढ्यात. मी मघाशी मनस्वीला शोधत होते. ही माळ्यावर होती. बंदुकीवर पाय टाकून बसली होती नि घोडा घोडा खेळत होती. चाप तिच्या पायाशी होता."

तात्या उठले. "ती आत घेऊन जा. घरातल्या गोष्टी घरात."

"हात नका लावू, मामंजी. भरलेली असेल. मला कळत नाही त्यातलं, म्हणून पाळण्यातल्या पोरासारखी धरून आणली. पोलिसांना फोन केलाय मी. येतायत ते."

"तू? घरच्या सुनेने?"

"हो, मीच." योगिनीला आता रडू फुटलं होतं, पण ती गोधडीसमोरून बाजूला झाली नाही. "तुम्ही ती रानातून परत आणलीत तेव्हा म्हणालात, पोलीस गेले, आता भीती नाही. तुमची भीती गेली. माझी पोर तिच्यावर बसली होती. वहिनी पऱ्यावर म्हणाल्या तेव्हा मला त्यांचा राग आला. अजूनही आहे. पण त्या बोलल्या ते खरं होतं."

हर्षद मंडपाच्या कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. त्याने मनस्वीकडे बघितलं. शमिकाने तिला काठीशेजारी बसवून घेतलं होतं आणि ती शमिकाच्या ओढणीशी चाळा करत होती. हर्षद उठला.

"मी काढला," तो म्हणाला. "बार मी काढला. निलेश नि धाकू खालच्या अंगाला होते. बॅटरीचा उजेड दिसला होता मला."

"हर्षद, गप बस!" तात्या गरजले.

"दिसला होता, बाबा. मला वाटलं काजव्यागत कायतरी. वाटलं असं पण नाय, मी विचारच नाय केला. झाडी हलली नि माझं बोट गेलं. इतिहासाचे शब्द कानावर पडत होते, हे मला ती ओरडली तेव्हा कळलं." तो शमिकाकडे वळला, पण तिच्या डोळ्यांना डोळा देऊ शकला नाही. "मी तुला उचललं तेव्हाच सांगायला हवं होतं."

माफ केलं असं शमिका म्हणाली नाही. तिने फक्त मनस्वीला घट्ट धरून ठेवलं.

तात्यांनी देवीकडे बघितलं, उपरणं उचललं आणि देवळाच्या मागच्या दाराने निघून गेले. त्यांच्या मागे चार-सहा जण गेले. बाकीचे बसून राहिले. मग पायऱ्यांवरून जनीम्हातारीचा आवाज आला. ती धाकूची आजी.

"आमच्या माल्यावर पन हाय एक," ती म्हणाली. "माज्या सासऱ्याच्या वेळची. मी रोज तिच्या खाली झोपते. घेऊन जावा म्हनावं तीपन."

"आजी!" धाकू ओरडला.

"काय आजी? तुजी पोरा खेळत नाय काय त्या घरात?"

पोलीस आले तेव्हा ऊन कलायला अजून वेळ होता. त्यांनी योगिनीने आणलेली बंदूक नेली, जनीच्या माळ्यावरची नेली आणि हर्षदलाही नेलं. तो स्वतःहून गाडीत बसला. योगिनी गाडीमागे फाट्यापर्यंत चालत गेली. परत येताना ती पाखाडीच्या पायरीवर बसली होती, तिथे राजश्री तिच्याशेजारी जाऊन बसली. मग योगिनी म्हणाली, "आता मला कोण घरात घेणार?" राजश्री म्हणाली, "चल."

मनस्वीला घेऊन ती पंधरवडाभर राजश्रीकडे राहिली. येसूबाई पहिले दोन दिवस कुरकुरली आणि नंतर मनस्वीला मांडीवर घेऊन भात भरवायला लागली. पुढे हर्षदला पुन्हा जामीन मिळाला तेव्हा तो तात्यांच्या घरी गेला नाही. बायको-मुलीला घेऊन देवरूखला खोली करून राहिला. पंप दुरुस्त करतो. खटला चालू आहे. त्याने गुन्हा नाकारलेला नाही, असं वकील सांगतात.

शिमग्याला तात्यांनी पालखीला खांदा दिला नाही. मुंबईहून आलेल्या पोरांनी पालखी उचलली. राजश्रीच्या अंगणाच्या वळणावर ती क्षणभर थांबली. वर जायचं की पुढे, अशी चुळबूळ झाली. येसूबाई दारात ओटीचं ताट घेऊन उभी होती. राजश्री पालखी टेकवायच्या पाटावर पाणी घालून वळणापर्यंत चालत गेली आणि पोरांना म्हणाली, "काय रे, खांदे दुखले काय? या." पोरं हसली आणि पालखी अंगणात आली. तीन घरांतलं कुणीही त्या दिवशी तिच्याकडे प्रसादाला आलं नाही. ती तीन घरं अजून तिच्याशी बोलत नाहीत. लावणीला एकमेकांच्या शेतात राबायचा पैरा त्यांनी तिचा घेतला नाही आणि तिला दिला नाही. पाऊस लागला तेव्हा राजश्री, रजा काढून आलेला दीपक आणि दोन मजूर, एवढ्यांनीच कुणगे लावले.

शमिका बारावी झाली. थंडीत तिची कंबर दुखते. देवरूखच्याच कॉलेजात ती पुढे शिकते आहे आणि त्याच वाटेने येते. पहिले काही दिवस राजश्री तिला आणायला फाट्यावर जात होती. शमिकाने तिला थांबवलं. "तू बरोबर आलीस की सारखी झाडीकडे बघतेस, आणि मला भीती वाटते," ती म्हणाली. राजश्री घरी थांबली, आणि शमिका वाट उतरून येईपर्यंत तिच्या हातातलं काम तसंच राहायचं. अजूनही राहतं. ते काही गेलेलं नाही.

रानात आता बार क्वचित होतो. झालाच तर दुसऱ्या गावाच्या हद्दीत. पण डुकरं कमी झाली नाहीत. वाडीतल्या काही जणांनी वनखात्याच्या मागे लागून पंचनामे करून घेतले, थोडी भरपाई मिळाली. पाळीपाळीने डबे वाजवायची राखणही सुरू झाली, पण राखण सगळीकडे पुरत नव्हती. या कापणीच्या तोंडावर एका पहाटे डुकरांनी राजश्रीचा वरचा कुणगा निम्म्याहून जास्त लोळवला. सकाळी ती विळा घेऊन गेली तेव्हा बांधावर धाकू उभा होता. तो तिच्याशी बोलत नसे, पण आज थांबला होता.

"बघितलंस?" तो म्हणाला. "बंदुका घालवल्यास. आता काय खाशील?"

राजश्रीने कुणग्यावर नजर फिरवली. लोंब्या चिखलात तुडवलेल्या होत्या. वर्षाच्या तांदळातला मोठा वाटा तिथे पडला होता.

"भात गेलं," ती म्हणाली. "भात पुढच्या साली परत लावीन."

पदर खोचून ती कुणग्यात उतरली आणि जे उभं होतं ते कापायला लागली. धाकू बांधावरून आपल्या शेताकडे गेला.